तायडेबाईंचं तळं

तायडेबाई वर्गावर जाताना नकाशा नेत नसत. शाळेत नकाशे होते, लाकडी दांडीचे, उंदरांनी कडा कुरतडलेले. पण बाई हातात फक्त खडू घेऊन जायच्या. फळ्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात खडू टेकवायचा आणि तिथून न उचलता अख्खा उत्तर अमेरिका खंड काढून पुन्हा त्याच कोपऱ्यात आणून सोडायचा. पोरी श्वास रोखून बघायच्या. काढून झालं की अगदी वर, जिथे पुस्तकातल्या नकाशातही नुसता हिरवा रंग असतो आणि एकही गाव नसतं, तिथे बाई एक ठिपका द्यायच्या आणि हात झटकत म्हणायच्या, “हा इथे माझा भाऊ आहे.”

जळगावच्या त्याच मुलींच्या शाळेत मी गणित शिकवायची. शिक्षकखोलीत बाईंच्या समोरची खुर्ची पहिल्या दिवशी मला मिळाली ती पुढे एकोणीस वर्षं माझीच राहिली. त्या पहिल्या दिवशी बाईंनी मला नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. म्हणाल्या, “तुमच्या गावाला नदी कोणती?”

मी फैजपूरची. गावातून नदी जात नाही म्हटल्यावर त्यांनी थोडा विचार केला. “मग तुम्हाला तापीची धरते,” म्हणाल्या आणि डब्यातली कळण्याची अर्धी भाकरी माझ्याकडे सरकवली.

बाई माणसं नदीवरूनच ओळखत. शिपाई वाघुरचा, मुख्याध्यापिका पांझरेच्या, म्हणजे धुळ्याच्या, आणि त्या स्वतः गिरणेच्या. भडगावपासून थोड्या अंतरावरचं त्यांचं गाव. वडील कालव्यावर मजूर होते. आई गेली ती धाकट्या मधुकरच्या बाळंतपणात. बाई तेव्हा बारा वर्षांच्या. बारशाला आत्या लागते, ती नव्हती. म्हणून बाळाच्या कानात नाव बाईंनीच सांगितलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही उत्तरपत्रिका तपासताना, मान वर न करता.

स्वतःचं लग्न त्यांनी केलं नाही. कोणी कारण विचारलं तर म्हणत, “वेळापत्रकात बसलं नाही.” बसस्टँडवर एकाच गाडीची चौकशी तीन वेगवेगळ्या माणसांकडे करत, आणि मी हसले की म्हणत, “रस्ता विचारायला लाजू नये. चुकीच्या गाडीत बसायला लाजावं.” त्यांच्या डाव्या मनगटावर एक घड्याळ असे आणि दुसरं पर्समध्ये. पर्समधलं भावाच्या वेळेवर लावलेलं. मधल्या सुट्टीत ते काढून बघत आणि समाधानाने सांगत, “झोपलाय आता.”

हा भाऊ हवाई दलात विमानांचा मेकॅनिक होता. तिथली नोकरी संपल्यावर कॅनडात गेला, तिथेही मेकॅनिक म्हणूनच. पण दुसऱ्यांनी उडवलेली विमानं दुरुस्त करता करता त्याने स्वतः उडवायचं शिकून घेतलं. त्या उत्तरेकडे रस्ते नाहीत, रेल्वे नाही. हजारो तळी आणि मधे जंगल. उन्हाळ्यात विमानाला चाकांच्या जागी दोन होड्या लावून पाण्यावर उतरायचं, हिवाळ्यात लांब पट्ट्या लावून बर्फावर. टपाल, औषधं, पीठ, आजारी माणसं, सगळं त्या लहानशा विमानातून न्यायचं. असं काम करणाऱ्यांना तिकडे बुश पायलट म्हणतात. बाई त्याचं मराठी करत: रानातला वैमानिक. हिवाळ्याचे सहा-सात महिने एका आदिवासी वस्तीवर कोणीच जात नसे. तिथे पहिल्यांदा विमान घेऊन गेला तो मधुकर. वाटेत हवा बिघडली तेव्हा एका तळ्यावरच्या बर्फावर उतरला, रात्रभर इंजिनावर पांघरूण घालून बसला, आणि सकाळी पुढे गेला. त्यानंतर दर हिवाळ्यात तिथे विमान जायला लागलं आणि ते तळं त्याचा मधला थांबा झालं. हे सगळं तो पत्रात लिही आणि बाई ते पत्र नववीच्या वर्गात वाचून दाखवत. परीक्षेला कॅनडावर एका गुणाचा प्रश्न असे. बाई कॅनडा पाच तास शिकवत.

वडील गेले तेव्हा मधुकर आला होता. उंच, किडकिडीत, उन्हाने हैराण झालेला. बाई त्याला शाळेत घेऊन आल्या. तो वर्गापुढे उभा राहिला आणि बहिणीपेक्षाही हळू आवाजात बोलला.

एका पोरीने विचारलं, “काका, मग तिथे स्टँड कुठे असतो?”

“तळं हाच स्टँड,” तो म्हणाला.

“आणि विमान पाण्यात पडलं तर?”

“पडत नाही बेटा. टेकतं.”

बाई मागच्या बाकावर पोरींच्यात बसल्या होत्या. तो शब्द ऐकून त्यांनी शेजारच्या पोरीकडे असं बघितलं, जणू भावाने वर्गात पहिला नंबर काढला होता.

तो फोन आला तेव्हा वार्षिक परीक्षा संपून आम्ही निकालपत्रकं भरत होतो. एप्रिलचा शेवट, पंखा गरम हवा फेकत होता. शिपाई धावत आला की ऑफिसात तायडेबाईंना परदेशातून फोन आहे. बाई गेल्या आणि दोन मिनिटांनी मला बोलावणं आलं. समोरच्या माणसाचं इंग्रजी बाईंना उमगत नव्हतं. मलाही फारसं उमगत नव्हतं. मी रिसीव्हर कानाला लावला. मधुकर काम करत होता त्या विमान कंपनीचा माणूस होता तो. सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत होता. मधुकर त्या वस्तीवरच्या एका अडलेल्या बाळंतिणीला आणायला निघाला होता. एकटाच होता. पोचला नाही. वाटेत त्याने वायरलेसवर शेवटचं सांगितलं होतं की हवा वाईट आहे, नेहमीच्या तळ्यावर उतरतो. शोध चालू आहे.

मी हे सगळं बाईंना मराठीत सांगत होते आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “तळ्याचं नाव विचारा.”

मी विचारलं. त्याने कागद चाळल्याचा आवाज आला. म्हणाला, त्या तळ्याला नाव नाही.

बाईंनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. शाळेत, वर्गात, कचेरीत त्या नेहमी शुद्ध बोलत. आम्ही कधी फैजपूरकडचं बोललो तर हसून दुरुस्त करत. त्या दिवशी पृथ्वीच्या पलीकडच्या त्या परक्या माणसाला त्या अहिराणीत म्हणाल्या, “मन्हा भाऊ कोठे शे? भो, मन्हा भाऊ कोठे शे?”

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बाईंनी रिसीव्हर खाली ठेवला, पदर सारखा केला, आणि परत येऊन उरलेल्या अकरा पोरींचे गुण भरले. एकही आकडा चुकला नाही. मी नंतर तपासले.

शोध नऊ दिवस चालला. रोज साडेदहाला फोन येई आणि रोज मी ‘अजून काही नाही’ हे वाक्य भाषांतर करून सांगे. आम्ही काय करणार होतो? मुख्याध्यापिका म्हणाल्या, परराष्ट्र खात्याला पत्र लिहू. लिहिलं. शाळेतल्या मोठ्या अ‍ॅटलासमध्ये मी आणि बाई ती जागा शोधत बसलो. कंपनीने त्या भागाचे अक्षांश-रेखांश दिले होते, नेमकं तळं त्यांनाही ठाऊक नव्हतं; तो भाग सापडला. तिथे फिकट हिरवा रंग होता आणि त्यावर निळ्या ठिपक्यांचा सडा, शाई शिंपडावी तसा. त्यातला कोणता ठिपका, ते अ‍ॅटलास सांगत नव्हता. बाईंनी भिंग आणवलं. भिंगातून ठिपके नुसते मोठे दिसले.

सहाव्या की सातव्या दिवशी आम्ही शाळेतून चालत घरी निघालो होतो. त्या उन्हात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. कोपऱ्यावर रसवंतीपुढे बर्फवाला हातगाडी लावून उभा होता. गाडीवर तरटात गुंडाळलेली लादी, भुशाने माखलेली. बाई थांबल्या. त्यांनी तरट बाजूला केलं आणि उजव्या हाताचा तळवा लादीवर ठेवला. मला वाटलं, उन्हाचा त्रास होतोय. पण त्या डाव्या हातावरच्या घड्याळाकडे बघत होत्या.

मिनिटभराने बर्फवाला म्हणाला, “बाई, हात काढा. बधिर होईल.”

बाईंनी ऐकलं नाही. बोटं आधी लाल झाली, मग पांढरी पडायला लागली. मी मनगट धरून ओढलं तेव्हा हात सुटला.

“तीन मिनिटं पण नाही झाली,” त्या म्हणाल्या. “आणि वर हे ऊन.”

बर्फवाल्याला काही कळलं नव्हतं, पण त्याने खांद्यावरचा पंचा काढून बाईंचा हात पुसला. रस्त्यात उभं राहून, म्हाताऱ्या आईचा पुसावा तसा. बाईंनी पुसू दिला.

नवव्या दिवशी विमान सापडलं. बर्फ कच्चं होण्याचे दिवस होते. पट्ट्या टेकल्या आणि बर्फ फुटलं. एक पंख वर राहिला होता, बाकी सगळं पाण्याखाली. पुढे बर्फ वितळल्यावर पाणबुडे उतरले, पण मधुकर मिळाला नाही. त्या बाळंतिणीला दुसऱ्याच दिवशी दुसऱ्या विमानाने नेलं होतं. ती वाचली, तिला मुलगी झाली. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “चांगलं झालं.” आणि थोड्या वेळाने, “मग एक दिवस थांबला असता तर चाललं असतं.”

त्यानंतर बाई कॅनडा दोन तासांत शिकवायला लागल्या. ठिपका देत नसत. पर्समधल्या घड्याळाचा सेल संपला तो त्यांनी बदलला नाही.

वर्षं गेली, बाई निवृत्त झाल्या. त्यांच्याकडे माझं जाणं-येणं चालू होतं. एका सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. टेबलावर जाड लिफाफा होता, कॅनडाचा. भौगोलिक नावं ठरवणाऱ्या तिथल्या खात्याने कळवलं होतं की उत्तरेकडच्या त्या वस्तीच्या मागणीवरून, तिथे हिवाळी विमानसेवा सुरू करणाऱ्या वैमानिकाच्या स्मरणार्थ एका तळ्याला त्याचं नाव देण्यात आलं आहे. सोबत सुबक प्रमाणपत्र आणि नकाशाचा तुकडा. नकाशावर तळ्याच्या निळ्या आकारावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: टेड लेक.

मला भरून आलं. बाई मात्र चष्मा पुसत होत्या. “हा टेड कोण?” त्यांनी विचारलं.

सोबतच्या पत्रात होतं ते. तायडेचं तिकडे टेड झालं होतं. सगळे त्याला टेडच म्हणत.

“चूक झाली आहे,” बाई म्हणाल्या. “दुरुस्त करून घ्यायला हवी. बसा, लिहा.”

मी समजावून बघितलं की अक्का, तिकडे टोपणनावाचीच पद्धत आहे, प्रेमाने म्हणत असतील. शाळेबाहेर मी त्यांना अक्का म्हणायची. त्यांनी लिफाफा मिटून बाजूला ठेवला. मग बोलल्या ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं.

“सुनंदा, गावात आम्हाला आडनाव नव्हतं. म्हणजे होतं, पण कोणी घेत नव्हतं. बापाला हाक मारायची तर जातीने मारत, नाहीतर ‘ए’. आम्ही बौद्ध झालो, मला शाळेत घातलं, तेव्हा मास्तरांनी विचारलं, पूर्ण नाव सांग. बाप दाराबाहेर उभा होता. त्याने तिथून मोठ्याने सांगितलं, तायडे. मी त्याला इतक्या मोठ्याने बोलताना त्याआधी ऐकलं नव्हतं. नकाशावर यायचं असेल तर ते नाव येऊ दे. नाहीतर कशाला यायचं?”

आम्ही पत्र लिहिलं. मी इंग्रजी मसुदा केला, बाईंनी तो चार वेळा बदलायला लावला. उत्तर आलं, अतिशय सभ्य. आपल्या भावना समजतात, पण नाव स्थानिक लोकांच्या तोंडी असलेलं आहे आणि तेच ठेवण्याचा नियम आहे. दुसरं पत्र लिहिलं. मधुकरचा शाळेचा दाखला, हवाई दलाचा कागद, सगळं जोडलं. पुन्हा उत्तर आलं, तितकंच सभ्य. तिसऱ्या पत्राला उत्तर आलं की आपली विनंती वस्तीच्या पंचायतीकडे पाठवली आहे.

भांडायला कोणी मिळतच नव्हतं. कोणी उर्मट बोललं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

त्या काळात मी त्यांना फोनवर, उपग्रहाने वरून घेतलेल्या चित्रात ते तळं दाखवलं. लांबट, घेवड्याच्या दाण्यासारखं. भोवती काळपट जंगल. बाईंनी चष्म्यावर दुसरा चष्मा लावून बघितलं. मग हळूच बोट टेकवलं. त्याबरोबर चित्र सरकलं, तळं पडद्याबाहेर गेलं.

“गेलं,” त्या घाबरून म्हणाल्या.

मी परत आणून दिलं. त्यांनी पुन्हा बोट लावलं, पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि नुसतं बघत राहिल्या.

“जायचं का आपण तिथे?” मी विचारलं. “बघू काही जमतं का.”

“जाऊन काय करू? काठावर उभी राहीन.”

मग वस्तीकडून पत्राऐवजी फोन आला, चित्र दिसणारा. बोलणारी मुलगी विशीतली होती, गोल चेहऱ्याची. तिने सांगितलं की माझी आई म्हणजे ती बाळंतीण, आणि मी म्हणजे तेव्हा जन्मलेली मुलगी. आई शेजारी बसली होती. आई तिच्या भाषेत बोलायची, मुलगी इंग्रजीत सांगायची, मी मराठीत. अशा दोन पायऱ्या उतरून शब्द बाईंपर्यंत येत होते.

आई म्हणाली, तुमची पत्रं आम्ही सभेत वाचली. तुम्हाला दुःख व्हावं असं आम्हाला वाटत नव्हतं. पण त्याचं दुसरं नाव आम्हाला माहीतच नव्हतं. तो पहिल्यांदा बर्फातून आला, आम्ही सगळे धावत गेलो. त्याने दार उघडलं, खाली उतरला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, टेड. आम्ही म्हटलं, टेड. तो हसला. एवढंच आम्ही ठेवलं.

मी हे सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण एकदम गेला. ताण गेल्यावर माणसाला बरं वाटायला हवं. मला त्यांचा चेहरा बघवेना.

“त्यानेच सांगितलं?”

“हो अक्का.”

“स्वतः?”

“हो.”

बाई पडद्यावरच्या त्या माय-लेकींकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, “असाच होता. पाहुणे आले की स्वतःची चटई उचलून द्यायचा. आपलं नाव त्यांना जड जाईल म्हणून यानेच आधी मोडून दिलं असेल.” आणि एकदम आवाज चढवून, “पण मला विचारायचं होतं! नाव मी ठेवलं होतं!”

तिकडे दोघींना वाटलं, बाई त्यांना रागावल्या. मुलगी घाईघाईने म्हणाली, तुम्ही म्हणाल तर आम्ही बदलून मागू, आम्हाला नीट उच्चार शिकवा. मी बाईंना विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. तरी त्या मुलीने आग्रह धरला, एकदा म्हणून दाखवा. बाईंनी म्हटलं, “तायडे.” ती म्हणाली, “टायडी.” आईनेही म्हणून बघितलं. तिघी ते नाव आळीपाळीने म्हणत होत्या आणि दर वेळी ते वेगळंच होत होतं. शेवटी बाई म्हणाल्या, “राहू द्या. त्यांना सांगा, टेड ठीक आहे. आणि तिला विचारा, त्यांच्या गावाला नदी कोणती.”

नदीचं नाव त्या मुलीने सांगितलं. ते बाईंना म्हणता आलं नाही.

चौथं पत्र आम्ही लिहिलं नाही. प्रमाणपत्र बाईंनी भिंतीवर लावलं नाही आणि टाकूनही दिलं नाही. कपाटात साड्यांखाली ठेवलं. टेड हा शब्द मी त्यांच्या तोंडून नंतर ऐकला नाही. बोलायच्या त्या मधूबद्दल, तेही लहानपणीच्या. गिरणेच्या वाळूत खड्डा करून पाणी येईपर्यंत बसून राहणाऱ्या.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा दम वाढला. एकटीने राहणं शक्य नव्हतं. चुलत भावाची मुलगी धुळ्याला असते. ती आणि जावई त्यांना न्यायला गाडी घेऊन आले. मी सकाळीच गेले होते. औषधं, चष्मे, कागद पिशवीत भरून दिले. बाईंना मागच्या सीटवर बसवलं, उशी दिली. नाकात नळी होती, बाजूला सिलिंडर. मी खिडकीशी उभी राहिले. बोलण्यासारखं खूप होतं आणि मी म्हणत होते, पोचल्यावर फोन करा, पाणी पीत जा, पुढच्या आठवड्यात मी येते.

ऊन तापायला लागलं होतं. जावयाने गाडी सुरू केली, थंड हवा लावली आणि पुढून बटण दाबून काचा वर घेतल्या. काच वर जाता जाता बाईंना काहीतरी आठवलं. त्या पुढे झुकल्या, नळी ओढली गेली तरी झुकल्या, आणि काचेपलीकडून मला काहीतरी सांगायला लागल्या. ओठ हलताना दिसत होते. एक मोठं वाक्य होतं. बोटानेही काही दाखवत होत्या, माझ्याकडे की माझ्या मागे, कळलं नाही. मी काचेवर टकटक केलं, पण गाडी हलली होती. भाची फोनवर बोलत होती, जावयाचं लक्ष रस्त्याकडे होतं.

बाई मान वळवून मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होत्या. उत्तराची वाट बघत होत्या. मला एक शब्दही ऐकू आला नव्हता.

मी हात वर केला आणि सगळं समजल्यासारखी जोरात मान हलवली. तेव्हा त्या निश्चिंत होऊन मागे टेकल्या.